बफेलोत घर करावं का?

सरोवराकडून वारा सुटला की बफेलोच्या मध्यवस्तीत भाजक्या ओट्सचा गोडसर वास दरवळतो. नदीच्या तोंडाशी जनरल मिल्सचा कारखाना आहे. अमेरिकेतली मुलं सकाळी दुधात घालून खातात ती चिरिओजची इवली कडी तिथे तयार होतात. गावाला या वासाचं एवढं कौतुक, की 'माझ्या शहराला चिरिओजचा वास येतो' असं छापलेले टीशर्ट इथे खपतात. पोलादाच्या भट्ट्यांचा धूर कायमचा विरून गेला त्या शहरात चालू कारखान्याचा वाससुद्धा मिरवावासा वाटतो.

मराठी घरांना हे शहर ओझरतं माहीत असतं. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आई-वडील नायगारा बघायला जातात, तेव्हा अर्ध्या तासावरचं बफेलो दिसतं ते विमानतळापुरतं, नाहीतर बसच्या खिडकीतून. घरातलं कुणी 'युनिव्हर्सिटी ॲट बफेलो'त एम.एस.ला असेल, तर पहिला प्रश्न ठरलेला: बर्फ फार पडतो ना? दुसरा प्रश्न शिक्षण संपल्यावर येतो: तिथेच नोकरी लागली, तर राहायचं का? खुद्द बफेलोची माणसं गेली चाळीसेक वर्षं याच प्रश्नावर भांडत आली आहेत.

भांडणाचं मूळ शहराच्या जुन्या श्रीमंतीत आहे. 1825 मध्ये एरी कालवा खुला झाला आणि मध्य-पश्चिमेचा गहू न्यूयॉर्कच्या बंदराकडे जाण्याची वाट बफेलोतून पडली. सरोवरातल्या मोठ्या जहाजांतून धान्य काढायचं आणि कालव्यातल्या होड्यांत भरायचं, हा इथला मुख्य धंदा. 1842 मध्ये जोसेफ डार्टने वाफेच्या यंत्रावर चालणारी धान्याची कोठी उभारली. तोवर हमालांच्या पाठीवरून होणारं काम पट्ट्याला लावलेल्या बादल्या करू लागल्या. 1896 मध्ये नायगाराची वीज इथे पोहोचली. 1900 साली बफेलो अमेरिकेतलं आठव्या क्रमांकाचं शहर होतं. पुढे शेजारच्या लॅकवॉना गावात बेथलहेम स्टीलचा अवाढव्य कारखाना वाढला. 1950 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5 लाख 80 हजार भरली.

मग उतरण लागली. 1959 मध्ये सेंट लॉरेन्स सीवे हा जलमार्ग खुला झाला आणि धान्याची जहाजं बफेलोला बगल देऊन थेट अटलांटिककडे जाऊ लागली. मालाची चढउतार हेच ज्या गावाचं पोट, तिथे जहाज थांबायचं कारणच उरलं नाही. डिसेंबर 1982 मध्ये, नाताळ होऊन दोन दिवस झाले असताना, बेथलहेमने लॅकवॉनातलं पोलाद बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सात हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. पिट्सबर्ग, यंग्सटाउन, क्लीव्हलंड, डेट्रॉइट या ओळीत बफेलोही बसलं, आणि या सगळ्या पट्ट्याला नाव पडलं 'रस्ट बेल्ट', म्हणजे गंजलेला पट्टा. तरुण मंडळी दक्षिणेकडे गेली. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये इतके बफेलोकर जाऊन राहिले, की तिथल्या बारमध्ये रविवारी 'बफेलो बिल्स'च्या फुटबॉल सामन्यांना माहेरची गर्दी जमते. 2010 पर्यंत शहरात 2 लाख 61 हजार माणसं उरली.

म्हणजे पावणेसहा लाखांसाठी बेतलेल्या शहरात त्याच्या निम्म्याहून कमी लोक. वादाच्या दोन्ही बाजू आपापले पुरावे इथूनच उचलतात.

'राहावं' म्हणणारे सांगतात की धनिक काळातलं सगळं वैभव आयतं मिळालं आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने 1868 पासून इथे बागांची साखळी आखली आणि त्या बागा झाडांच्या रुंद रस्त्यांनी एकमेकींना जोडल्या. लुई सलिव्हनची 1896 ची गॅरंटी बिल्डिंग, फ्रँक लॉइड राइटचं मार्टिन हाउस आजही उभं आहे. ज्या धान्यकोठ्यांच्या छायाचित्रांनी युरोपातले ल कॉर्ब्युझिएसारखे वास्तुकार भारावले, त्यांतल्या काही ओस कोठ्यांत आता कवितावाचनं होतात. कलासंग्रहालय मोठा विस्तार करून 2023 मध्ये नव्याने उघडलं. गर्दी बेताची, त्यामुळे 'कुठेही वीस मिनिटांत' हे इथलं पेटंट वाक्य.

'राहू नये' म्हणणारे लगेच विचारतात: वीस मिनिटं, पण कशाने? मोटार असेल तरच. मेट्रो रेल्वेचा मार्ग एकच, जेमतेम दहा किलोमीटरचा, आणि तो विद्यापीठाच्या जुन्या आवारापाशी संपतो. नवं, मोठं आवार ॲम्हर्स्ट या उपनगरात आहे. तिथवर रुळ नेण्याच्या गोष्टी कित्येक वर्षं चालू आहेत. परिणामी परदेशातून आलेला विद्यार्थी दोन वर्षं उपनगरात काढतो आणि 'बफेलो पाहिलं' म्हणतो. शिवाय निम्म्या गावाच्या करातून पूर्ण गावाचे रस्ते, नळ, गटारं आणि शाळा सांभाळायच्या आहेत, ते वेगळंच.

मग बर्फाचा मुद्दा येतो. वर्षाला सरासरी अडीच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, पण या आकड्यातून खरी गंमत कळत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला एरी सरोवराचं पाणी अजून उबदार असतं. त्यावरून लांबलचक अंतर कापत येणारा थंड वारा वाफ उचलतो आणि किनारा लागताच अरुंद पट्ट्यात रिती करतो. पट्ट्यात सापडलेली वस्ती गाडली जाते आणि पाच-सात मैलांवर ऊन पडलेलं असतं. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्क उपनगरात दोन मीटर बर्फ साचला आणि बिल्सचा घरचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. गावात याचीही एक रीत आहे. स्टेडियम बर्फाने भरलं की संघ फावडी घेऊन या म्हणून हाक देतो, तासाला वीसेक डॉलर देतो, आणि लोक हौसेने येतात.

घरापुढचा बर्फ मात्र फुकट उपसावा लागतो. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना सगळा बर्फ कडेला लोटतो आणि नेमकी आपल्या मोटारवाटेच्या तोंडाशी कमरेएवढी दगडासारखी भिंत उभी राहते. ती फोडली, गाडी काढायची तयारी केली, की नांगर पुन्हा एकदा येऊन जातो.

तरीही 2019 मध्ये तत्कालीन महापौर बायरन ब्राउन यांनी बफेलोला 'हवामान-आश्रयाचं शहर' म्हटलं. युक्तिवाद कच्चा नव्हता. आजवरच्या नोंदींत इथे पारा कधी 38 अंशांना टेकलेला नाही, गोड्या पाण्याचं सरोवर दाराशी आहे, चक्रीवादळांचा किनारा दूर आहे. 2017 मध्ये मारिया वादळाने उद्ध्वस्त झालेल्या प्वेर्तो रिकोतली कुटुंबं खरोखरच इथे आली होती. पण डिसेंबर 2022 च्या नाताळात हिमवादळ आलं, दीड दिवस हातभर अंतरावरचं दिसेना. वाहनबंदी जाहीर झाली ती वादळ येऊन थडकलं त्याच सकाळी, तोवर बरेच लोक कामावर निघाले होते. एरी काउंटीत 47 जण गेले. कुणी अडकलेल्या गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी थंड पडलेल्या घरात, कुणी न पोहोचलेल्या रुग्णवाहिकेची वाट बघत. शहरात मेलेल्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होते.

हा शेवटचा तपशील समजायला मेन स्ट्रीट ओलांडावा लागतो. या रस्त्याच्या पूर्वेला ईस्ट साइड. बफेलोचे बहुतेक कृष्णवर्णीय रहिवासी इथे राहतात. ओल्मस्टेडने आखलेला हंबोल्ट पार्कवे हा वृक्षराजीचा रस्ता याच भागातून जात होता. 1960 च्या दशकात उपनगरवासीयांना झटपट मध्यवस्तीत आणण्यासाठी तो उखडून खोल खंदकातला केन्सिंग्टन एक्सप्रेसवे केला गेला आणि वस्तीची दोन शकलं झाली. त्यावर छत टाकून पुन्हा हिरवळ करण्याचा सुमारे शंभर कोटी डॉलरचा प्रकल्प पर्यावरण-अभ्यासाच्या मुद्द्यावर न्यायालयात गेला. जेफरसन ॲव्हेन्यूवर मोठं किराणा दुकान यावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2003 मध्ये 'टॉप्स' उघडलं. 14 मे 2022 रोजी एका वंशद्वेष्ट्या तरुणाने काही तासांचा प्रवास करून येऊन तिथेच दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. त्यानंतर दोन महिने दुकान बंद राहिलं, तेव्हा ताज्या भाजीसाठी कुठे जायचं हा प्रश्न साऱ्या वस्तीला पडला.

अशा ईस्ट साइडकडे हौसेने राहायला कोण येईल? पण आले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत न्यूयॉर्कच्या क्वीन्स आणि ब्रुकलिनमधून हजारो बांगलादेशी कुटुंबं ब्रॉडवे-फिलमोर भागात येऊन वसली. क्वीन्समध्ये टॅक्सी चालवून जन्मभर दोन खोल्यांचं भाडं भरणाऱ्या माणसाला इथे कर थकल्यामुळे लिलावात निघालेलं अख्खं घर काही हजार डॉलरांत मिळत होतं. छप्पर गळकं, नळ चोरीला गेलेले, पण घर स्वतःचं. पोलिश वस्तीचं क्वीन ऑफ पीस हे कॅथलिक चर्च भाविक आटल्याने बंद झालं होतं, तिथे आता जामी मशीद आहे. पश्चिमेकडे म्यानमारमधून आलेल्या निर्वासितांनी जुन्या वस्तीत जीव आणला. 'वेस्ट साइड बझार'मध्ये त्यांच्यासारख्यांचे खाद्यपदार्थ मिळतात. 2020 च्या जनगणनेत शहर 2 लाख 78 हजारांवर गेलं. 1950 नंतर लोकसंख्येचा आकडा वर सरकण्याची ही पहिलीच वेळ.

या नव्या रहिवाशांचं गणित बफेलोच्या एका खास घरावर चालतं. त्याला इथे नुसतं 'डबल' म्हणतात. लाकडी, दुमजली, एकावर एक दोन बिऱ्हाडं, दोघांना रस्त्याकडे तोंड केलेले ओटे, खाली तळघरात गॅसची भट्टी. मालक खाली राहतो, वरच्या भाड्यातून हप्ता निघतो. मोठ्या शहरात आयुष्यभर भाडेकरू राहिलेला माणूस इथे पहिल्या दिवसापासून घरमालक.

घराच्या खिडक्या मात्र नीट बघाव्या लागतात. यांतली बहुतेक घरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, आणि घरांसाठी शिशाच्या रंगावर अमेरिकेत बंदी आली ती 1978 मध्ये. लाकडी तावदान खालीवर सरकवताना जुन्या रंगाचे थर घासले जातात, त्याची पूड चौकटीत आणि फरशीवर पडते, रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. स्वस्त भाड्याच्या घरांमधल्या मुलांमध्ये शिशाचं प्रमाण जास्त सापडणं हे बफेलोचं जुनं दुखणं आहे.

पोटापाण्याचं काय? भट्ट्या गेल्या, त्यांच्या जागी रुग्णालयं, विद्यापीठ, एम अँड टी ही बँक आली. 2012 मध्ये राज्य सरकारने 'बफेलो बिलियन' नावाची योजना जाहीर केली. त्यातून रिपब्लिक स्टीलच्या जुन्या जागेवर सरकारी पैशाने भलामोठा कारखाना उभा राहिला, तो आता टेस्ला चालवते. एवढ्या पैशात जेवढी आणि जशी कामं मिळायला हवी होती, तशी मिळाली का, यावरून आजही जुंपते. बिल्सच्या नव्या स्टेडियमला 85 कोटी डॉलर सार्वजनिक तिजोरीतून द्यायचं ठरलं, तेव्हाही तेच. गाव संघावर जीव टाकतं, लागोपाठ चार सुपर बोल हरल्याचं दुःख तीस वर्षं जपतं, पण चारांतला एकाहून जास्त माणूस दारिद्र्यरेषेखाली असलेल्या शहराने पैसा कशावर लावावा, हा प्रश्न संघाच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही. त्या मानाने गाजावाजा न झालेली 'से येस बफेलो' योजना थेट घराघरात पोहोचते: शहरातल्या सार्वजनिक शाळांमधून उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या कॉलेजच्या शिकवणी-शुल्काची ती हमी घेते. मुलं शाळेत असलेल्या कुटुंबासाठी उपनगर की शहर या वादात एवढी एक गोष्ट शहराचं पारडं जड करू शकते.

आता वादाला नवंच वळण लागलं आहे. 'झिलो' ही घरखरेदीची कंपनी दरवर्षी अमेरिकेतल्या सर्वांत तेजीच्या बाजारपेठा जाहीर करते. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी पहिला नंबर बफेलोचा होता. घरं कमी, गिऱ्हाईक जास्त. ज्याने दहा वर्षांपूर्वी लिलावात घर घेतलं त्याची चांदी आहे. ज्याने पन्नास वर्षं पडझडीत गाव सोडलं नाही, पण स्वतःचं घरही केलं नाही, त्या भाडेकरूला मात्र भाडेवाढीचा कागद हाती पडतो. शहर वाईट होतं तेव्हा त्याला परवडत होतं.

ब्रॉडवेच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये घरं पाडून मोकळ्या झालेल्या जागा ठिकठिकाणी आहेत. उन्हाळ्यात त्यांतल्या कित्येकांवर काठ्या आणि दोऱ्यांचे मांडव चढतात आणि त्यांवरून लांबट दुधी लोंबू लागतात. इथे थंडीचा शेवटचा तडाखा मे महिन्यातही बसू शकतो, म्हणून रोपं आधी घरात, खिडकीपाशी वाढवतात. ऑक्टोबरमध्ये पहिलं हिव पडण्याआधी दुधी काढून घ्यायचे असतात. मग मांडव सोडून काठ्या तळघरात, भट्टीच्या बाजूला रचून ठेवतात, आणि फावडं वर आणतात.