बांधकामावरील अपघात : नुकसानभरपाई आणि डॉक्टरांची लेखणी

आपल्या इंदूर शहराच्या चारी दिशांना इमारती उठत आहेत. त्यांवर राबणारे हात बहुतांशी झाबुआ, अलिराजपूर, धार, खरगोन या भागांतून आलेले असतात. परांचीवरून पडलेला असा मजूर आपल्यापुढे येतो तेव्हा सोबत मुकादम असतो आणि आपल्या प्रश्नांची उत्तरेही बहुधा तोच देतो. ‘घसरून पडला’ एवढेच केसपेपरवर उतरते. कोठे, कोणते काम करताना, किती उंचीवरून, याचा उल्लेख राहून जातो. पुढे भरपाईच्या दाव्यात अपघात कामावर असताना व कामामुळे झाला हे मजुराला दाखवावे लागते. त्या वेळी आपल्या त्या पहिल्या नोंदीखेरीज त्याच्यापाशी दुसरा लेखी पुरावा क्वचितच असतो. म्हणून वृत्तांत रुग्णाकडूनच घ्यावा, आणि तो बेशुद्ध असल्यास माहिती कोणी दिली हे लिहावे. ‘मद्याचा वास’ एवढाच शेरा मारून थांबू नये. नशेची लक्षणे तपासून नोंदवावीत. अपघात प्रत्यक्ष नशेमुळेच घडला असेल तरच मालकाची जबाबदारी टळते, आणि मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तेव्हाही टळत नाही.

या हक्काचे मूळ १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आहे. त्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. बांधकाम हाच ज्याचा व्यवसाय आहे, असा विकासक ‘माणूस ठेकेदाराचा होता’ म्हणून हात झटकू शकत नाही. चार पैसे देऊन ‘माझी तक्रार नाही’ अशा कागदावर घेतलेल्या अंगठ्यानेही हक्क संपत नाही. मजुराची कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदणी असेल, तर लाभ त्या महामंडळाकडून मिळतो; तेवढे आधी विचारून घ्यावे.

आपली खरी कसोटी प्रमाणपत्राच्या वेळी लागते. अवयवाचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणात चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे ही हानी ७० टक्केच, असा मालकाचा युक्तिवाद होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हानी पूर्ण, असे न्यायालयाने मान्य केले. उंचीवरून पडणाऱ्यांत टाचेचे हाड मोडलेले आपण नेहमी पाहतो. (अशा वेळी मणक्यांकडेही लक्ष द्यावे, हे या वाचकांना सांगणे नको.) सांधा आखडतो, तक्त्यातील टक्केवारी लहान दिसते, पण तो गवंडी पुन्हा परांचीवर चढू शकत नाही. परिशिष्टात नसलेल्या इजांबाबत कमाईच्या हानीचे मूल्यमापन अर्हताप्राप्त डॉक्टरानेच करावयाचे असते. तेव्हा नुसता आकडा न देता रुग्णाचा व्यवसाय आणि त्यातील कोणते काम त्याला आता जमणार नाही, हे दोन ओळींत अवश्य लिहावे. साक्षीला बोलावणे येईल या धास्तीने आपल्यापैकी अनेकजण मोघम लिहितात, हे मान्य केले पाहिजे. परंतु मोघम प्रमाणपत्रावरच उलटतपासणी अधिक लांबते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कित्येक दावे दाखलच होत नाहीत. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार हे मोफत वकिलास पात्र आहेत. झाबुआ-अलिराजपूरकडील बहुसंख्य मजूर यात सहज बसतात. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा, दूरध्वनी १५१००. गावी परतलेल्या मजुराला दाव्यासाठी इंदुरास खेटे घालण्याचे कारण नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यातही तो दाखल करता येतो. दाव्यास मुदत असते, आणि हाड जुळेपर्यंत ती थांबत नाही. त्याने कागदपत्रे मागितल्यास वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावयाची असतात; बिलाची बाकी असली तरीही.