गावाच्या मालकीचा गोल्फ कोर्स

१९३६ सालच्या जुलैत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात भर दुपारी दुकानं बंद झाली. अटलांटाचा एक वकील त्याच्या ओळखीच्या जुन्या कोर्सवर गोल्फचा एक डाव खेळायला आला होता, एवढंच निमित्त. ना स्पर्धा होती, ना तिकीट, ना जाहिरात. बर्लिन ऑलिंपिक पाहायला निघालेला हा माणूस वाटेत थांबला आणि चारचौघांसारखं त्या दिवशीच्या खेळाडूंच्या यादीत नाव घालून मोकळा झाला. पहिल्या होलपाशी येऊन पाहतो, तर हजारोंची गर्दी.

तो वकील म्हणजे बॉबी जोन्स. १९३० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकून तो अवघ्या २८ व्या वर्षी निवृत्त झाला होता. त्यानंतर स्वतःच्या ऑगस्टा क्लबच्या मास्टर्सखेरीज तो स्पर्धांत उतरत नसे, सरावही बेताचाच. त्या दुपारी मात्र त्याने पहिले नऊ होल ३२ फटक्यांत संपवले. भल्याभल्या व्यावसायिकांना हेवा वाटावा असा आकडा!

या कोर्सशी त्याची पहिली भेट मात्र भांडणाची होती. १९२१ च्या ओपनमध्ये एकोणीस वर्षांचा जोन्स अकराव्या होलच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, असा अडकला, की तिसरी फेरी अर्धवट टाकून तो स्पर्धेबाहेर पडला. सहा वर्षांनी तो इथेच परतला आणि २८५ फटक्यांचा तेव्हाचा विक्रम करून ओपन जिंकला. गावाने त्याला आपलं मानलं ते तेव्हापासून.

हा ‘ओल्ड कोर्स’ पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नाही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. समुद्राकाठची वाळूची उंचसखल जमीन, काटेरी झुडपं, सतत दिशा बदलणारा वारा. ११२ बंकर, त्यातले कित्येक उभं राहिल्या जागेवरून दिसतच नाहीत. चौदाव्या होलवरच्या अजस्र बंकरचं नावच ‘हेल’. सतराव्या होलवर पहिला फटका हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारावा लागतो आणि हिरवळीच्या पलीकडे थेट डांबरी रस्ता. सात हिरवळी तर दुहेरी आहेत. जाणारे आणि परतणारे खेळाडू एकाच हिरवळीवर आपापल्या झेंड्याकडे चेंडू ढकलत असतात. या जोड्यांची गंमत अशी, की दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, आठवा-दहावा, कुठलीही जोडी घ्या, बेरीज अठराच. खुद्द अठरा होलांची प्रथाही इथलीच. १७६४ पर्यंत इथल्या डावात बावीस होल असत. काही होल एकमेकांत जोडले, अठरा उरले आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला.

पण या जागेचं खरं वेगळेपण मालकीत आहे. इथे गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टनच्या १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन विकली गेली आणि तिच्यावर चक्क सशांची पैदास सुरू झाली. मग गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जे! १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेतली, तेव्हा गोल्फ वाचला. आज जमीन सार्वजनिक आहे आणि १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट कारभार पाहतो. काठावर दिमाखात उभ्या असलेल्या आर अँड ए या गोल्फ क्लबची इमारत सगळ्या छायाचित्रांत असते, पण कोर्स त्या क्लबचा नाही.

आपल्याकडे गोल्फ आला तो क्लबच्या कुंपणातून. कोलकात्यात १८२९ मध्ये, मुंबईत १८४२ मध्ये, आणि तोही साहेबांपुरता. त्यामुळे गोल्फ म्हटलं की फाटकावरचा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. सेंट अँड्र्यूजच्या या कोर्सवर मात्र दर रविवारी खेळ बंद असतो आणि आपल्याकडची मंडळी तलावाकाठी फिरायला जावीत तशी तिथली माणसं मुलाबाळांसह, कुत्र्यांसह फेअरवेवर फिरतात. १९३६ ची ती गर्दी प्रेक्षकांची नव्हतीच. घरचा माणूस परत आला म्हणून घरमालक बाहेर आले होते.

जोन्स पुन्हा आला तो १९५८ मध्ये. मज्जारज्जूच्या आजाराने खेळणं कधीच सुटलं होतं, चालणंही काठ्यांच्या आधाराने. गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. त्याच्याआधी हा मान मिळालेला एकमेव अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, तोही १७५९ मध्ये. या नागरिकत्वाबरोबर कोर्सवर ससे पकडण्याचा आणि धुणं वाळत घालण्याचा जुना हक्कही मिळतो, ही गोष्ट गावकरी आजही हसत सांगतात. १९७१ मध्ये जोन्स गेला. पुढच्याच वर्षी दहाव्या होलला त्याचं नाव देण्यात आलं.

निवृत्तीनंतर युरोपला मुलांकडे जाणाऱ्या आणि गोल्फची आवड असणाऱ्या वाचकांनी सेंट अँड्र्यूजचा बेत जरूर करावा. खेळायचं असेल तर हँडिकॅपचा दाखला सोबत हवा आणि दोन दिवस आधीच्या सोडतीत नाव यायला हवं. सोडत लागली नाही, तर रविवार गाठा. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी कोर्सवर कुणीही फिरावं, पैसे लागत नाहीत.