४५ टक्के जमीन, २४ टक्के माणसं

१९४१च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे ३८ कोटी ९० लाख भरली. त्यातले ९ कोटी ३२ लाख लोक संस्थानांत राहत होते, म्हणजे शेकडा २४. जमीन मात्र संस्थानिकांकडे जास्त होती: १५ लाख ८१ हजार चौरस मैलांपैकी ७ लाख १६ हजार, जवळपास ४५ टक्के. ब्रिटिश प्रांतांत दर चौरस मैलाला ३४२ माणसं, संस्थानांत १३०.

या तफावतीत इंग्रजांची निवड दिसते. बंगाल, गंगेचं खोरं, मोठी बंदरं त्यांनी स्वतःकडे घेतली. राजपुतान्याचं वाळवंट, काश्मीरचे डोंगर संस्थानिकांकडे राहिले. (दाट वस्तीचं त्रावणकोर हा ठळक अपवाद.) १८४८मध्ये सातारा आणि १८५४मध्ये नागपूर खालसा झालं, पण सत्तावन्नच्या उठावानंतर राणीच्या जाहीरनाम्याने नवा मुलूख घेणं थांबवलं आणि नकाशा होता तिथेच गोठला.

संस्थानं साधारण ५६५ होती. हैदराबाद ८२ हजार चौरस मैलांचं, तर काठेवाडातलं वेजानोनेस अर्ध्या चौरस मैलाचंही नव्हतं. मिरज संस्थानाचे १८२०मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मंजुरीने चार वाटे झाले. त्यातले दोन १८४२ आणि १८४५मध्ये पुरुष वारस नाही म्हणून कंपनीने गिळले. वारस कोण, हे ठरवायचा अधिकार इंग्रजांकडे होता, आणि माझ्या मते रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, हातातलं सर्वांत धारदार हत्यार तेच.

संस्थानं राखण्यामागचं खर्चाचं गणित वऱ्हाडात उघड दिसतं. हैदराबाद कंटिंजंट ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती, तिचा खर्च निजामाच्या माथी. हा खर्च थकला, म्हणून १८५३मध्ये कापसाचा हा सुपीक मुलूख कंपनीने ताब्यात घेतला. १९०२मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला. कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. मराठी माणूस असा मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजामी मराठवाडा आणि डझनावारी लहान संस्थानांत विभागला गेला. शेजारच्या गावातही कायदा आणि सारा वेगळा.

इंग्रजांचं मनुष्यबळही यात वाचलं. आय.सी.एस. (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) अधिकारी १९३९मध्ये जेमतेम १,३०० होते. संस्थानांचा रोजचा कारभार दरबारांच्या पदरी पडला नसता, तर इतक्या थोड्या माणसांत भागलं नसतं.

१५ ऑगस्ट १९४७ला संस्थानांवरचं इंग्रजांचं सार्वभौमत्व संपलं, पण ते भारत सरकारकडे आपोआप आलं नाही. प्रत्येक दरबाराशी वेगळी बोलणी करावी लागली. दक्षिणेतली बहुतेक मराठी संस्थानं मुंबई प्रांतात आली ८ मार्च १९४८ला, कोल्हापूर १९४९मध्ये.