ट्रक आधी कशाने भरतो?

पुण्याहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचंय. अंतर सुमारे 700 किलोमीटर. मुलांना विचारून पाहा : ट्रक आधी जागेने भरेल की वजनाने?

समजा, हौदा 14 फूट लांब, 6 फूट रुंद, 6 फूट उंच; म्हणजे सुमारे 14 घनमीटर. वजनाची मर्यादा 4 टन. घनमीटरभर पुस्तकं 600 किलो धरली, तर सातव्या घनमीटरलाच मर्यादा संपते. अर्धा ट्रक रिकामाच! गाद्या-खुर्च्यांचं मात्र उलट. तिथे जागा आधी संपते.

म्हणून सामानाची यादी दोन रकान्यांत करावी : घनमीटर आणि किलो. जो रकाना आधी भरेल, त्यावरून ट्रक ठरवावा. मोठं कपाट घनमीटरभर जागा खातं, म्हणजे भाड्याचा चौदावा हिस्सा. तेवढ्यात तिकडे जुनं कपाट मिळेल का?