न दिसणाऱ्या पेठेचा कारभार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता वैनगंगेच्या पुलाला भिडण्यापूर्वी धानाच्या ज्या मुलखातून जातो, त्यात सावली हे तालुक्याचे गाव वसले आहे. या भागातल्या आठवडी बाजारात तांदूळ घ्यायला आलेले जाणते गिऱ्हाईक दुकानदाराच्या नुसत्या शब्दावर जात नाही. ते पोत्यात खोलवर हात घालून मूठभर दाणे वर काढते, तळहातावर पसरून त्यात कणी किती आहे हे न्याहाळते, एक दाणा दाताखाली फोडून ओलावा अजमावते, आणि एवढे झाल्यावरही सौदा ठरतो तो विकणारा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, मागल्या हंगामात त्याने मापात कसर ठेवली होती की नाही, या आठवणींच्या आधारे. त्याच गावातली एखादी शिक्षिका मोबाइलवर बोट टेकवून शेकडो कोसांवरच्या वखारीतला मिक्सर मागवते, तेव्हा विक्रेत्याचे तोंड तिने पाहिलेले नसते, वस्तू हाताळलेली नसते, आणि तरीही ती पैसे मोजते व वस्तू घरी येते. प्रत्यक्ष भेटीतून जी खातरजमा होत असे, ती भेटीवाचून कशी करता यावी, या एकाच प्रश्नाचे उत्तर म्हणजे ई-कॉमर्स होय, आणि त्यामागची संगणकविद्या म्हणजे त्या उत्तराचीच निरनिराळी अंगे आहेत, असे माझे मत आहे.

दूरस्थ व्यापार आपल्या देशाला अपरिचित नव्हता. दाखवताच पैसे देण्याची दर्शनी हुंडी आणि ठरल्या मुदतीनंतर वटणारी मुदती हुंडी यांच्या बळावर आपल्या पेढ्यांनी रोकड न हलवता दूरदूरच्या शहरांतले हिशेब चुकते केले. परंतु हुंडी लिहिणारी आणि ती पटवणारी अशा दोन्ही पेढ्या परस्परांना ओळखत असत. आजच्या व्यवहारात ही ओळखही उरलेली नाही. म्हणून तिची जागा तीन गोष्टींनी घ्यावी लागली : चोख दप्तर, अभेद्य गुपित आणि नेमका पत्ता.

दप्तराचा विचार प्रथम करू. आपण ॲप उघडतो तेव्हा आपला मोबाइल इंटरनेटवरून दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे, ज्याला सर्व्हर म्हणतात त्याच्याकडे, विनंती पाठवतो, आणि तो सर्व्हर आपल्या डेटाबेसमधून मागितलेली माहिती काढून परत धाडतो. १९७० साली आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने असे प्रतिपादन केले, की माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि तक्त्यांतील नोंदी समान क्रमांकांनी परस्परांशी जोडाव्यात. वस्तूंचा एक तक्ता, ग्राहकांचा दुसरा, मागण्यांचा तिसरा. मागणीच्या नोंदीत ग्राहकाचे नाव पुन्हा लिहायचे नाही, केवळ त्याचा क्रमांक लिहायचा. या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या कल्पनेवर आज जगातल्या अगणित दुकानांचे, बँकांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे हिशेब उभे आहेत.

परंतु दप्तराची खरी कसोटी एकाच वेळी अनेक हात त्याला लागतात तेव्हा होते, आणि याचे उत्तम उदाहरण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात एका फेरीला किती वाहने सोडायची याला मर्यादा असते आणि सफारीची नोंदणी ऑनलाइन होते. मोहर्ली प्रवेशद्वारावरील सकाळच्या फेरीची एकच जिप्सी शिल्लक आहे, आणि पुण्यातला एक गृहस्थ व नागपुरातले एक कुटुंब अशा दोघांनी एकाच क्षणी तीच मागितली, असे समजा. दोघांनाही पडद्यावर ‘उपलब्ध’ असे दिसले होते आणि दोघांचीही बोटे बटणावर पडली. संगणकाने बेसावधपणे दोघांनाही होकार दिला, तर पहाटे प्रवेशद्वारावर दोन पावत्या आणि एक गाडी अशी अवस्था व्हायची. हे टाळण्यासाठी डेटाबेस त्या एका नोंदीला क्षणभर अडसर घालतो, ज्याची विनंती निमिषमात्र आधी पोहोचली त्याचे काम पुरते करतो आणि दुसऱ्याला जागा संपल्याचे कळवतो. शिवाय ‘गाडी राखणे’, ‘पैसे घेणे’ आणि ‘पावती देणे’ या तिन्ही क्रिया एक व्यवहार म्हणून बांधलेल्या असतात. त्या तिन्ही पार पडतील, नाहीतर एकही घडली नाही असे मानले जाईल. पैसे वेळेत न आले तर राखलेली जागा पुन्हा खुली होते, आणि पैसे कापले जाऊनही पावती मिळाली नाही तर पुढच्या ताळमेळात ती रक्कम परत करावी लागते. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे हे नाव अग्रगण्य असून संगणकशास्त्रातले १९९८चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल लाभले. सामान्य माणसाला ज्याचा पत्ताही नसतो असे हे काम संगणकयुगातल्या थोर कामांपैकी एक आहे, असे मला मनापासून वाटते.

आता गुपिताकडे वळू. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाताना वाटेत अनेक परक्या यंत्रांतून जातो. त्यातला कार्डाचा क्रमांक कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक केला पाहिजे. पण सांकेतिक भाषेची किल्ली ज्याला आपण कधी भेटलोच नाही त्या दुकानदाराला द्यावी कशी? शतकानुशतके गुप्तलेखनाला छळणारा हा पेच १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी सोडवला, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी त्यासाठी संख्यासिद्धांताचा उपयोग करून दाखवला. दुकानदाराने स्वतःची उघडी कुलपे गावभर वाटावीत, ज्याला पाहिजे त्याने पेटीला ते कुलूप दाबून लावावे, पण ते उघडणारी किल्ली मात्र एकट्या दुकानदाराच्या कनवटीला असावी, असा हा प्रकार आहे. त्याचे बळ एका साध्या सत्यात आहे : ५३ आणि ६१ यांचा गुणाकार ३२३३ हे शाळकरी मूलही सांगेल, परंतु ३२३३ हा कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे हे शोधायला त्याला बराच वेळ लागेल, आणि ती संख्या सहाशेहून अधिक अंकी असेल तर आजचे बलाढ्य संगणकही हतबल होतात. काही ब्राउझरांमध्ये पत्त्याजवळ दिसणारी कुलपाची खूण याच कुळातल्या योजनांची साक्ष आहे. मात्र ती खूण वाट सुरक्षित असल्याचे सांगते, वाटेच्या टोकाला बसलेला माणूस सज्जन असल्याचे सांगत नाही, हे प्रत्येकाने पक्के ध्यानी धरावे.

दप्तर आणि गुपित यांच्या जोरावर पैशाच्या बाबतीत आपल्या देशाने जे साधले त्याचा अभिमान वाटावा. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतील राष्ट्रीय भुगतान निगम, अर्थात् एनपीसीआय, या संस्थेने यूपीआयची योजना जाहीर केली. ग्राहकाची बँक आणि विक्रेत्याची बँक वेगळ्या असल्या तरी मधला दुवा दोन्हींकडून काही क्षणांत जमाखर्चाची ग्वाही मिळवतो. यात गुप्त पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ही एवढी गोष्ट घरोघरी ठाऊक असती तर कित्येक वृद्धांच्या आयुष्याची पुंजी भामट्यांच्या हाती गेली नसती. कोणी गंडवला गेल्यास १९३० या मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

तिसरी गोष्ट पत्त्याची, आणि तिचे श्रेय एका मराठी माणसाचे आहे. केंद्रीय दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड देशात लागू झाला. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग आणि तिसरा टपाल छाटणीचा जिल्हा दाखवतो. शेवटचे तीन अंक नेमके टपालघर सांगतात. विदर्भाचे पिनकोड ४४ने सुरू होतात. एका नावाची अनेक गावे आणि एका गावाच्या नावाची अनेक लेखने असलेल्या या देशात ई-कॉमर्सचे पार्सल मुक्कामी पोहोचते ते प्रामुख्याने या सहा अंकांच्या आधारे, आणि मागणी नोंदवण्यापूर्वी ॲप ‘येथे पोहोचवू शकतो की नाही’ हे ठरवते तेही यांवरूनच. तथापि अंक वाट दाखवतात, वाट बांधत नाहीत. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तेव्हा अत्यंत कुशल संगणकप्रणालीलाही पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते.

कायद्यानेही या व्यवहाराला हळूहळू आधार दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कागदाच्या बरोबरीची मान्यता दिली, आणि २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन दुकानांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावणे बंधनकारक केले. आयात मालाचा मूळ देश दाखवण्याचा दंडकही त्यातच आहे.

या अखेरच्या दंडकापाशी मला पुन्हा धानाकडे यावेसे वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातीलच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या शेतातली काही निराळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे दाणे वर्षानुवर्षे वेगळे पेरून बारीक तांदळाचे एक वाण सिद्ध केले, आणि त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. दादाजी २०१८ साली निवर्तले. आज ऑनलाइन दुकानात एचएमटी असे टाइप केले की निरनिराळ्या छापांच्या पिशव्यांची रांग पडद्यावर येते. तीत वजन असते, किंमत असते, गिऱ्हाइकांनी दिलेले तारे असतात. कोणत्या तालुक्यात पिकला, कोणत्या हंगामातला, कोणत्या गिरणीत भरडला, हे मात्र सहसा आढळत नाही. म्हणजे आठवडी बाजारातले गिऱ्हाईक जे पहिल्यांदा विचारते नेमके तेच तेथे विचारता येत नाही. कॉड यांच्या तक्त्यात आणखी एक स्तंभ वाढवणे हे प्रोग्रामरचे थोड्या वेळाचे काम आहे, आणि तो स्तंभ भरण्याची माहिती सावलीच्या गिरण्यांत, धान खरेदी केंद्रांच्या नोंदवह्यांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी आजही आहे. तो स्तंभ विक्रेत्यांकडून सक्तीने भरून घ्यावा, अशी मागणी इथल्या सहकारी संस्थांनी आणि ग्राहकांनी मिळून आता केली पाहिजे.