मीटरच्या पलीकडचा नळ

स्वयंपाकाच्या गॅसची नळी किंचित सैल झाली, तरी कुजल्यासारखा उग्र वास येतो आणि घरातले सगळे सावध होतात. पण हा वास गॅसचा स्वतःचा नसतो. तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त संयुगाचा असतो. या संयुगांना मरकॅप्टन म्हणतात.

जमिनीतून मिळणाऱ्या नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. तो रंगहीन, गंधहीन आणि हवेपेक्षा हलका असतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल, तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. प्रमाण त्याहून कमी असेल तर इंधन अपुरे पडते, अधिक असेल तर ऑक्सिजन अपुरा पडतो.

न्यू लंडनची शाळा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेथील शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलक्षेत्रातील उरलेल्या वायूच्या नळाला जोड घेतला होता. हा वायू गळून इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. वास नसल्यामुळे कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी कार्यशाळेतील विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सारी इमारत कोसळली. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले.

आज अमेरिकेत नियम असा आहे, की स्फोटाला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या एकपंचमांश वायू हवेत असतानाच सामान्य माणसाला वास यायला हवा. मिथेनसाठी हे प्रमाण होते सुमारे १ टक्का. म्हणजे धोका अजून दूर असतानाच नाक इशारा देते.

एक मीटर, अनेक इमारती

अमेरिकेत वायुवाहिन्यांच्या सुरक्षिततेचा कायदा १९६८ साली झाला. त्याचे नियम सामान्यतः ग्राहकाच्या मीटरपर्यंत लागू असतात. आता एखाद्या विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर डोळ्यांसमोर आणा. फाटकापाशी एक मोठा मीटर. तेथून वसतिगृहे, प्रयोगशाळा, भोजनगृहे यांच्याकडे जमिनीखालून नळ गेलेले. मग या नळांना ते नियम लागू होतात का?

उत्तर नळाच्या लांबीवर अवलंबून नाही. वायू शेवटी कोण वापरतो, यावर ते ठरते. विद्यापीठ स्वतःच्या बाष्पकांत वायू जाळून स्वतःच्याच इमारती गरम ठेवत असेल, तर ते केवळ ग्राहक. आतल्या नळांना वायुवाहिन्यांचे राष्ट्रीय नियम लागत नाहीत. पण परिसरातील एखाद्या खाजगी उपाहारगृहाला किंवा भाडेकरूंना विद्यापीठ आपल्या नळातून वायू पुरवत असेल, आणि त्याचे पैसे मीटरप्रमाणे किंवा भाड्यातून घेत असेल, तर ते स्वतःच पुरवठादार ठरते. अशा व्यवस्थेला ‘मास्टर मीटर’ व्यवस्था म्हणतात. तिला नियम लागू होतात : ठरावीक काळाने गळती तपासणे, नळ गंजू न देणे, आणीबाणीची योजना तयार ठेवणे आणि काम प्रशिक्षित माणसांकडूनच करवून घेणे.

गंजाला कायदा कळत नाही

ओल्या मातीत पोलादी नळ गंजतो. तो वाचवण्यासाठी त्यावर लेप देतात आणि त्याला तारेने जोडून मॅग्नेशियमचे ठोकळे जमिनीत पुरतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते आधी झिजते आणि नळ टिकतो. ठोकळा झिजून संपला, की नवा बसवावा लागतो. हे काम करायचे कुणी?

मीटरच्या पलीकडचा धोका तिकडच्या कायद्याने अगदीच नजरेआड केलेला नाही. ग्राहकाचे स्वतःचे नळ जमिनीखाली असतील आणि कंपनी त्यांची देखभाल करत नसेल, तर तसे तिने ग्राहकाला लेखी कळवावे लागते. गळती आणि गंज यांची तपासणी वेळोवेळी करावी, खोदण्यापूर्वी नळाची जागा शोधून घ्यावी, हेही सांगावे लागते. पण सूचना मिळणे निराळे आणि तपासणी होणे निराळे.

मीटर ही हिशेबाची सीमा आहे. तिच्या दोन्ही बाजूंना वायू तोच, दोन्हीकडची माती तशीच ओली. तेव्हा नियम जेथे थांबतो, तेथून पुढची काळजी नळाच्या मालकानेच घ्यायची असते. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरला नळाने गॅस येत असेल, तर तो नळ शेवटचा कधी तपासला आणि कुणी तपासला, हे शिक्षकांना अवश्य विचारा.