इन्स्टॉलफेस्टसाठी जागा शोधताना

दरवर्षी एप्रिलच्या चौथ्या शनिवारी लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत लोक आपला लॅपटॉप, कधी घरातला जुना डेस्कटॉपसुद्धा, उचलून बाहेर पडतात. निमित्त असतं ‘फ्लिसोल’चं. संगणकप्रेमी स्वयंसेवक या दिवशी येईल त्याच्या यंत्रावर लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर फुकट बसवून देतात आणि ते कसं वापरायचं हेही शेजारी बसून दाखवतात. २००५ पासून हा उपक्रम चालू आहे. तो भरतो विद्यापीठांत, शाळांत, वाचनालयांत, सांस्कृतिक केंद्रांत.

अशा कार्यक्रमाला ‘इन्स्टॉलफेस्ट’ म्हणतात. तो भरवणाऱ्या क्लबांकडे जाणकार माणसांची वानवा सहसा नसते. अडतं ते जागेपाशी. आणि कोणत्या जागेत कार्यक्रम ठेवला, यावर तिथे कोण येणार हे बरंचसं ठरून जातं.

नव्वदच्या दशकात जागेची निवड इंटरनेटच करून टाकत असे. घरातला मोडेम सेकंदाला ५६ किलोबिटच्या वर जात नसे. त्या वेगाने ७०० एमबीची एक सीडी उतरवायला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागत. त्यामुळे जिथे चांगलं नेटवर्क, म्हणजे बहुतेकदा विद्यापीठात, तिथे मंडळी जमत. आता पेनड्राइव्ह घरूनच तयार करून नेता येतो. जागा निवडायला मोकळीक मिळाली आहे आणि गरजही नव्याने उभी राहिली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, पण अजून धडधाकट असलेली असंख्य यंत्रं घरोघरी पडून आहेत. त्यांचे मालक मात्र विद्यापीठात वावरणारे असतीलच असं नाही. निवृत्त शिक्षक, दुकानदार, दहावीतल्या मुलीची आई यांना निःसंकोच आत शिरता येईल अशी जागा हवी.

म्हणून पाहणी दारापासून सुरू करावी. गेटवर ओळखपत्र मागतात का? आधी नाव कळवावं लागतं का? डेस्कटॉपचा डबा आणि मॉनिटर घेऊन तीन जिने चढायचे असतील, तर साठीतला माणूस खालूनच परत जाईल. तळमजला, जवळ बसथांबा, रिक्षा दाराशी थांबेल एवढी मोकळी जागा या गोष्टी भपकेबाज सभागृहापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मग वीज. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा धरला, तर वीस लॅपटॉपचे १३०० वॉट होतात. आपल्याकडच्या ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॉट. एकाच सॉकेटवर बोर्डाला बोर्ड जोडत नेले, तर ते काठावर येतं. त्यात कुणी डेस्कटॉप लावला किंवा दीड हजार वॉटची चहाची किटली चालू केली, की एमसीबी पडण्याची वेळ येते. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना वीज गेली, तर डेस्कटॉप सुरूच होणार नाही अशा अवस्थेत अडकू शकतो. त्यामुळे हॉल बघायला जाताना सोबत वायरमन न्यावा. कोणते सॉकेट वेगवेगळ्या एमसीबीवर आहेत आणि जनरेटरवर काय चालतं, हे त्याच्याकडून समजून घ्यावं.

इंटरनेट आजही लागतंच, निदान अपडेट्ससाठी. महाविद्यालयाचं वायफाय बाहेरच्या माणसाला बहुधा लॉगिनशिवाय मिळत नाही, म्हणून तात्पुरत्या पासवर्डची सोय आधीच करून घ्यावी. काही लॅपटॉपांचं वायफाय कार्ड वेगळा ड्रायव्हर घातल्याशिवाय लिनक्समध्ये चालत नाही, आणि तो ड्रायव्हर उतरवायलाही नेटच लागतं. अशा वेळी भिंतीतलं एक लॅन पोर्ट आणि लांब केबल काम भागवते.

खोल्यांची रचनाही महत्त्वाची. अशा ड्रायव्हरचा स्रोत अनेकदा खुला नसतो. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलं आहे की, ते घालून देणारा माणूस हॉलच्या कोपऱ्यात किंवा शेजारच्या खोलीत ‘सैतान’ अशी पाटी लावून वेगळा बसावा, म्हणजे आपण कोणती तडजोड करतोय हे येणाऱ्याला कळेल. पाटी लावायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण कामांची टेबलं वेगळी असलेली बरी: दाराशी नोंदणी, मग बॅकअप, मग इन्स्टॉल आणि शेवटी शिकवणी.

यातलं बॅकअपचं टेबल सर्वांत मोठं हवं. इन्स्टॉल अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. पण जुन्या यूएसबीवरून सेकंदाला ३० एमबीच्या वेगाने २०० जीबी फोटो आणि कागदपत्रं उतरवायला जवळपास दोन तास जातात. हॉल पाच वाजता रिकामा करायचा असेल, तर दोननंतर भरलेल्या डिस्कचं यंत्र घेणं धोक्याचं.

केरळमध्ये शाळांच्या संगणकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिनानिमित्त आपल्या जिल्हा केंद्रांत इन्स्टॉलफेस्ट भरवले आहेत. लोकांना केंद्राचा पत्ता ठाऊक असतो, आणि संगणक, वीज, जाणकार माणसं तिथे आधीपासून असतात. महाराष्ट्रात अशी ओळखीची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्यता आणि अनुदान मिळणारी वाचनालयं तालुक्यातालुक्यांत आहेत. ज्येष्ठ मंडळी तिथे रोज वर्तमानपत्र वाचायला येतात, मुलं अभ्यासिकेत बसतात. अनेक ठिकाणी व्याख्यानांसाठी छोटा हॉलही असतो. वायरिंग जुनं असू शकतं, तेवढं तपासून घ्यावं लागेल.

वाचनालयाचा आणखी एक फायदा नंतर कळतो. लिनक्स घरी नेल्यावर आठवडाभरात प्रिंटर अडतो, मराठी कीबोर्ड सापडत नाही, बँकेची फाइल उघडत नाही. तेव्हा विचारायला कुठे जायचं हे माणसाला माहीत असायला हवं. त्यासाठी हॉलचा अर्ज देतानाच पुढच्या दोन शनिवारांची संध्याकाळही मागून घ्यावी आणि त्या तारखा नोंदणीच्या पावतीवर छापाव्यात.